पस्तिसाव्या मिनिटाला

माझ्या सासूबाई, श्यामला, गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्या चौपन्न वर्षांच्या होत्या. हौस नव्हती, गरज होती. सासऱ्यांच्या, म्हणजे पुरुषोत्तमअण्णांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तोवर घरची जुनी चंदेरी गाडी अण्णाच चालवत. डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून डाव्या हाताची शीर तयार केल्यावर त्या हाताला जोर द्यायची मनाई झाली आणि गाडी दारात उभी राहिली.

येलहंका न्यू टाउनमधल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या मुलींच्या रांगेत त्या साडी नेसून उभ्या राहिल्या. पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्या वेळी पास. त्यानंतर सहा वर्षं, आजारपण नाही की सण नाही, सकाळी साडेसातला अण्णांना शेजारच्या सीटवर बसवायचं, पाठीशी उशी द्यायची आणि हेब्बाळचा फ्लायओव्हर, मेखरी सर्कल पार करत मल्लेश्वरमच्या हॉस्पिटलला साडेआठच्या आत पोचायचं, हा त्यांचा नेम झाला.

मी नागपूरची. ध्रुवशी लग्न करून या घरात आले तेव्हा मला त्यांचं मराठी ऐकून गंमत वाटायची. हे लोक कितीतरी पिढ्यांपासून बंगळुरात आहेत. 'जेवलीस का' ऐवजी 'ऊट झालं का' विचारतात, आणि फोन ठेवताना 'सरी, सरी' म्हणतात. ध्रुव आणि मी एचएसआर लेआउटला राहतो. तिथून येलहंका म्हणजे शहराचं दुसरं टोक. ट्रॅफिक चांगला असेल तर दीड तास, नसेल तर विचारूच नका. त्यामुळे आईंची गाडी हा आमच्याही निश्चिंतीचा भाग होता, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं.

मागच्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती गाडी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर चढताना गळाठली.

गळाठली हा त्यांचा शब्द. बंद पडली नाही. आईंनी पाय दाबला तरी वेग वाढेना, उलट कमीच होत गेला. गाडी गचके खाऊ लागली. मागे बसचे हॉर्न सुरू झाले. आईंनी चारही इंडिकेटर लावले, दुसऱ्या गिअरवर आणून कशीबशी चढण संपवली आणि उतारावर गाडी आपल्या वजनाने घरंगळत खाली कडेला नेली. तिथे ती पूर्ण बंद झाली. अण्णांचा तेवढ्यात डोळा लागला होता. ते जागे झाले ते ट्रॅफिक पोलिसाने काचेवर टकटक केल्यावर.

"एन आयतु अम्मा?" त्याने विचारलं. काय झालं, हे त्याला सांगणार तरी काय? आईंनी पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली आणि काही घडलंच नव्हतं अशी मल्लेश्वरमपर्यंत गेली. पण अण्णांची वेळ चुकली. त्या दिवशी त्यांना मशीनवर चार तासांऐवजी तीनच तास मिळाले आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसू लागली.

घराजवळच खंडोजींचं गॅरेज आहे. खंडोजी माझ्या सासरच्यांसारखेच इथले जुने मराठी, अण्णांचे शाळासोबती. त्यांनी बॉनेट उघडलं, स्कॅनर लावला, कोगिलू क्रॉसपर्यंत गाडी पिटाळून आणली. "अक्का, काही नाही. घोड्यासारखी धावते," ते म्हणाले. "पाय क्लचवर राहिला असेल स्वल्प. चढावर होतं असं."

आईंनी आम्हाला फोन केला तेव्हा ध्रुवही हेच म्हणाला. "आई, हाफ क्लच झाला असेल गं. पॅनिक झालं की कळत नाही." तो वाईट बोलला नाही. काळजीनेच बोलला. आणि मी बाजूला बसून मान हलवली, तेही खरं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गुरुवारीच, मेखरी सर्कलच्या पुढे तेच झालं. या वेळी मागच्या रिक्षाने बंपरला धक्का दिला. लागलं कोणालाच नाही, पण ऑफिसमधून निघून आम्ही दोघं थेट हॉस्पिटलला पोचलो. अण्णा मशीनला जोडलेले होते. आई बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

ध्रुवने दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने ती तीन दिवस ठेवून घेतली, प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि इंजिन ठीक असल्याचा कागद दिला. त्या कागदानेच सगळं ठरलं. गाडी ठीक, म्हणजे चालवणारी ठीक नाही.

"आई, तू आता साठची झालीस," ध्रुव म्हणाला. आम्ही येलहंक्याच्या घरी जेवायला बसलो होतो. "गाडी काढून टाकू. मी दर वेळी कॅब बुक करत जाईन. तुला काही करायला नको."

मला वाटलं त्या वाद घालतील. त्यांनी अण्णांच्या ताटातला टोमॅटो उचलून आपल्या ताटात घेतला, कारण तो त्यांना चालत नाही, आणि म्हणाल्या, "सरी. महिनाभर बघू."

अण्णा त्यावर एकच वाक्य बोलले. "मला झोप लागली नसती तर मी सांगितलं असतं."

कॅबचा महिना कसा गेला ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी मल्लेश्वरम म्हटलं की दोघेजण येतो म्हणायचे आणि वाटेत रद्द करायचे. जाताना कशीतरी मिळायची, परतताना मात्र अण्णांचे हाल व्हायचे. डायलिसिसनंतर त्यांना मळमळतं. आईंच्या गाडीत दारातल्या कप्प्यात पिशव्या असत, सुकलेलं लिंबू असे, आणि मुख्य म्हणजे हवं तिथे थांबता येत असे. कॅबमध्ये एकदा त्यांना उलटीची भावना झाली तर ड्रायव्हरने आरशातून बघून म्हटलं, "सीट खराब करू नका, खाली उतरा." तो नवी गाडी हप्त्यावर घेतलेला माणूस, त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. पण अण्णा भर रस्त्यात, दुभाजकाला धरून, एका हाताला बँडेज असताना ओणवे उभे राहिले. घरी आल्यावर ते आईंना म्हणाले, "मी जायचं बंद करू का?"

हे आईंनी आम्हाला सांगितलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ध्रुवला खंडोजींचा फोन आला तेव्हा आम्हाला वेगळंच काही कळलं. अक्का रविवारी एकट्याच गाडी घेऊन दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याला जातात, दोनदा पाहिलं, तुम्हाला माहीत आहे ना?

ध्रुव संतापला. त्याला त्या रविवारी ऑफिसचं काम होतं, म्हणून त्याने मला पाठवलं. "फक्त चावी घेऊन ये," तो म्हणाला. "तुझ्याशी ती भांडणार नाही."

मी सकाळी नऊला पोचले तेव्हा आई गाडीची काच पुसत होत्या. शेजारच्या अनुसूयाबाई अण्णांजवळ बसायला आल्या होत्या. मी चावीचं काढायच्या आत आईच म्हणाल्या, "चावी न्यायला आलीस ना? देते. पण आज माझ्याबरोबर चल एकदा. परत आलो की घेऊन जा."

त्यांच्या सीटखाली एक शाळेची वही होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. आत तारखा, वेळ, रस्ता, एसी चालू की बंद, ऊन की पाऊस, निघाल्यापासून किती मिनिटं झाली, पेट्रोलचा काटा कुठे होता, सगळं बारीक अक्षरात.

"हे काय आहे, आई?"

"पाहणी," त्या म्हणाल्या आणि गाडी गेटबाहेर काढली.

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला लग्नाला चार वर्षं होऊनही नीट माहीत नव्हतं. जाळहळ्ळीच्या बाजूला पूर्वी घड्याळांचा कारखाना होता, तिथे त्या बावीस वर्षं कामाला होत्या. शेवटची अकरा वर्षं परत आलेल्या घड्याळांच्या टेबलावर. 'मधूनच थांबतं' अशी तक्रार घेऊन आलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं की हमखास चालायचं. नव्या मुली शेरा मारायच्या, दोष नाही. त्यांच्या सुपरवायझरबाई तो शेरा खोडायच्या. माणूस उगाच बसचं तिकीट काढून घड्याळ परत द्यायला येत नाही, त्या म्हणायच्या. ते हातावर असताना काय करत होतं ते शोधा. मग घड्याळ उभं ठेवून बघायचं, आडवं ठेवून, उलटं ठेवून, थंड करून, गरम करून. कधी तरी ते थांबायचंच, आणि थांबलं की कारण सापडायचं.

"तसं मी गाडीला बघते आहे," त्या म्हणाल्या. "खंडोजीने दोन किलोमीटर नेली. मोठ्या वर्कशॉपवाल्याने पण तेवढीच नेली असेल. माझ्याकडे ती अर्ध्या तासाच्या आत कधीच गळाठलेली नाही."

"पण आई, रिस्क आहे ना."

"म्हणून रविवार. म्हणून हा रस्ता. रुंद आहे, कडेला जागा आहे, आणि ते बरोबर नाहीत."

राजानुकुंटे मागे पडलं. रस्ता खरंच मोकळा होता. डाव्या लेनमधून त्या पन्नासच्या वेगाने चालल्या होत्या. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, आणि त्यांना ते कळत होतं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सुखदा, तुला एक सांगू? मलाही वाटलं होतं की माझाच पाय चुकला. दोन रात्री मला झोप नव्हती. ते शेजारी बसलेले, आणि माझा पाय चुकतो म्हणजे काय. माझाच पाय चुकत असता तर मी स्वतः चावी दिली असती, ध्रुवला मागायची वेळ आली नसती. पण आधी मला कळायला हवं की नको?"

मी वही चाळत राहिले. तीन रविवार कोरे गेले होते. 'काही नाही', 'काही नाही', 'काही नाही'. त्या तिन्ही दिवशी पेट्रोल अर्ध्यावर किंवा त्याखाली होतं. आणि फसलेल्या दोन्ही गुरुवारांपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'आदल्या दिवशी टाकी फुल्ल.'

"पेट्रोलच खराब असेल मग," मी म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. म्हणून काल दुसऱ्या पंपावर भरलं. काठोकाठ. बघू."

आम्ही निघून पस्तीस मिनिटं झाली होती. एका छोट्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला. आधी मला वाटलं रस्ता खराब आहे. मग गाडीने गचका खाल्ला, पुन्हा एक. वेगाचा काटा पन्नासवरून चाळीसवर, तीसवर येऊ लागला. मी डॅशबोर्ड घट्ट धरला. मागून ट्रक येताना आरशात दिसत होता.

"आई."

"बघ," त्या म्हणाल्या. "पाय बघ माझा."

उजवा पाय अॅक्सिलरेटरवर तळापर्यंत दाबलेला होता. डावा पाय क्लचपासून वीतभर लांब, जमिनीवर टेकलेला. मी तो नीट पाहिला. तेवढ्या दोन सेकंदांत मला कोण लाज वाटली.

त्यांनी पाय सैल केला, चारी इंडिकेटर लावले, आरशात पाहिलं, गिअर उतरवला आणि जेवढा वेग शिल्लक होता तेवढ्यात गाडी डांबर सोडून कडेच्या मातीत घेतली. ट्रक हॉर्न देत निघून गेला. इंजिन बंद पडलं होतं. हँडब्रेक ओढून त्या म्हणाल्या, "उतर, तुझ्या बाजूने. आणि डिकीतला लाल त्रिकोण मागे पन्नास पावलांवर ठेवून ये."

मी त्रिकोण ठेवून आले तोवर त्या गाडीच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या. पेट्रोल खराब नाही, पंप वेगळा, तरी झालं. टाकी भरलेली असली की होतं, अर्धी असली की होत नाही. त्या हे स्वतःशीच मोठ्याने बोलत होत्या. मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं बारीक दार उघडलं आणि आतलं झाकण फिरवलं.

ते सहज फिरेना. पदर गुंडाळून त्यांनी जोर लावला. झाकण सुटताच फुस्स असा आवाज झाला आणि तो चालूच राहिला, एखाद्याने खोल श्वास ओढून घ्यावा तसा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. मग टाकीच्या पत्र्याचा टण्ण असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"किल्ली फिरव," त्या म्हणाल्या. मी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पंधरा मिनिटं थांबावं लागलं नाही, पंधरा सेकंदही नाही.

त्या हातातलं झाकण उलटंसुलटं करत होत्या. "हे नवीन आहे," त्या हळूहळू म्हणाल्या. "जुनं ऑगस्टमध्ये हरवलं. पंपावर पेट्रोल भरताना टपावर राहिलं आणि मी तशीच निघाले. मग स्पेअरपार्टच्या दुकानातून हे आणलं. छान घट्ट बसतं म्हणून मला बरंच वाटलं होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलात काचेची सलाइन लावतात ना, तिच्यात हवेची वेगळी सुई खुपसतात. ती नसली तर थेंब पडायचे थांबतात. तसं झालंय हे. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा यायला नको का? टाकी भरलेली असली की आत हवा थोडीशीच. ती लवकर ताणली जाते."

मी इंजिनिअर आहे. सहा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते. मला हे सुचलं नसतं.

परत येताना त्यांनी ते झाकण अर्धवट सैल बसवलं आणि वर कापड बांधलं. गाडी थेट खंडोजींच्या गॅरेजात घेतली. रविवार असूनही ते बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. मग त्यांनी झाकण घेतलं, आत गेले, दुसऱ्या एका गाडीचं झाकण आणलं आणि दोन्ही शेजारी धरली. त्या दुसऱ्याच्या आतल्या बाजूला स्प्रिंगची एक चिमुकली झडप होती. आमच्या झाकणात तिथे नुसतं प्लॅस्टिक होतं, साच्यातून काढलेलं, झडपेसारखं दिसणारं.

खंडोजींनी चष्मा काढला. "तप्पायतु, अक्का," ते म्हणाले. चूक झाली. "स्कॅनरमध्ये हे येत नाही. पण मी तुमची गोष्ट तरी पुरी ऐकायला हवी होती."

"तुम्ही दोनच किलोमीटर नेलीत," आई म्हणाल्या. "त्यात कसं कळणार?" आणि कंपनीचं अस्सल झाकण मागवायला सांगून त्या निघाल्या.

ध्रुवला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू पाय पाहिलास?" मी हो म्हटलं. "नक्की?" मी म्हटलं, "ध्रुव."

नवीन झाकण बसल्यावर पहिल्या गुरुवारी तो पहाटे पाचला उठून येलहंक्याला गेला, सुट्टी टाकून. मला वाटलं होतं तो चालवेल. तो मागच्या सीटवर बसला. अण्णा पुढे, आई स्टिअरिंगवर, टाकी मुद्दाम काठोकाठ. हेब्बाळचा फ्लायओव्हर गाडीने चौथ्या गिअरवर पार केला. हॉस्पिटलच्या दारात अण्णांना व्हीलचेअरवर बसवताना ध्रुव म्हणाला, "आई, सॉरी."

"पुढच्या वेळी आधी विचार," त्या म्हणाल्या. "मग सांग."

त्या दिवशी घरी येऊन त्याने जेवताना मला विचारलं, अण्णांना कॅबमध्ये काय त्रास झाला होता, तुला ठाऊक होतं का? मला तोवर ठाऊक नव्हतं. तो दुभाजकाजवळचा प्रकार अण्णांनी त्याला मशीनवर पडल्यापडल्या सांगितला होता. ध्रुवने ताट तसंच ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

यंदा मार्चमध्ये येलहंक्यातच, त्यांच्या घरापासून चार सिग्नलवर, डायलिसिस केंद्र सुरू झालं. आम्ही सगळेच सुटलो म्हणालो. पहिल्या दिवशी आईंचा फोन आला, "पोचलो." घड्याळात निघाल्यापासून नऊ मिनिटं झाली होती. आवाजात सुटका होती, पण थोडं आणखीही काही होतं. आता त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करून परत यायलाही वेळ मिळतो, आणि या वेळेचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. केंद्रावर रिक्षाने येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी आपल्या गाडीतून सोडायला सुरुवात केली आहे, असं अनुसूयाबाईंकडून कळलं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला अण्णांना मशीन छान सोसलं. मळमळ नाही, डोकं जड नाही. आईंनी त्यांना गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि घराच्या दिशेने इंडिकेटर दिला.

"श्यामला," अण्णा म्हणाले, "जरा लांबून घे."

आईंनी इंडिकेटर बदलला आणि त्या जक्कूरच्या बाजूला वळल्या. तिथल्या धावपट्टीवरून लहान विमानं उडतात. कुंपणाजवळ गाडी उभी करून दोघांनी तासभर विमानं पाहिली, आणि आमचे चार फोन त्यांनी उचलले नाहीत.